बायको पंचायतीला उभी, नवरा सरकारी नोकरीत: काय चालतं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो, एका सरकारी खात्यात वरिष्ठ कारकून आहे. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तर पत्नी पंचायतीला उभी राहायची म्हणते. पंचायतीला पक्ष नसतो, मग मी तिच्यासोबत घरोघर फिरलो तर काय बिघडतं? मागच्या विधानसभेला एका उमेदवाराच्या माणसांनी कोपरा बैठकीला बोलावलं होतं, मला नाही म्हणता आलं नाही. आणि मंत्री, सरपंच उघड प्रचार करतात, त्यांना काहीच नियम नाहीत का?"

वहिनींनी खुशाल उभं राहावं. तुम्ही मात्र त्यांच्यासोबत एकाही दारात मत मागायला जाऊ नका.

मी स्वतः निवृत्त सरकारी कर्मचारी आहे आणि खातेनिहाय चौकशीत अडकलेल्यांच्या बाजूने बचाव सहायक म्हणून बसतो. निवडणुकीच्या हंगामानंतर जे मेमो, म्हणजे खात्याची खुलासा मागणारी नोटीस, घेऊन येतात, त्यातल्या बहुतेकांनी नियम एकदाही वाचलेला नसतो. कोणीतरी चहाच्या टेबलावर सांगितलेलं असतं की पंचायतीला चालतं. म्हणून नियमापासूनच सुरुवात करतो.

गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचेच नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 लागू आहेत. आपण केंद्रशासित असताना ते होते आणि 30 मे 1987 ला घटकराज्य झाल्यावरही तेच चालू राहिले. त्यातला पाचवा नियम राजकारण आणि निवडणुकांबद्दल आहे. पहिल्या पोटनियमानुसार कर्मचाऱ्याने राजकीय पक्षाचा सदस्य व्हायचं नाही, पक्षाशी किंवा राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेशी संबंध ठेवायचा नाही, राजकीय चळवळीला वर्गणी द्यायची नाही, दुसरी कुठली मदतही करायची नाही. चौथा पोटनियम निवडणुकीबद्दल आहे: प्रचार करायचा नाही, ढवळाढवळ करायची नाही, आपलं वजन वापरायचं नाही, भाग घ्यायचा नाही. आणि कुठली निवडणूक? विधिमंडळाची किंवा स्थानिक प्राधिकरणाची. ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत, नगरपालिका, पणजी महापालिका ही सगळी स्थानिक प्राधिकरणंच. चौथ्या पोटनियमात पक्षाचं नावसुद्धा नाही. त्यामुळे गोव्यात ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, या गोष्टीने तुम्हाला काडीचाही फायदा मिळत नाही.

या नियमाला जोडलेलं स्पष्टीकरण तर आणखी थेट आहे. अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे आपलं वजन वापरणं, असं तिथे लिहिलं आहे. चिन्ह कुठलंही असो. राज्य निवडणूक आयोग पंचायतीच्या उमेदवारांना जी मुक्त चिन्हं देतो, छत्री म्हणा, कपबशी म्हणा, तीही निवडणूक चिन्हंच.

एका प्रकरणाचे कागद मी स्वतः हाताळले. कर्मचाऱ्याची स्कूटर कार्यालयाच्या पोर्चखाली उभी होती आणि पुढच्या मडगार्डवर रुपयाच्या नाण्याएवढा स्टिकर होता, त्याच्या चुलतभावाच्या चिन्हाचा. विरोधी उमेदवाराच्या माणसाने मोबाईलवर दोन फोटो काढले: एकात स्टिकर आणि नंबरप्लेट, दुसऱ्यात त्याच स्कूटरमागे खात्याची पाटी. तक्रारीला हेच दोन फोटो जोडले होते. स्टिकर मुलाने लावला, आपल्या लक्षात आलं नाही, असा त्याचा बचाव होता, आणि तो खोटाही नव्हता. पण गाडी त्याच्या नावावर होती आणि तो आठवडाभर तीच चालवत कामावर येत होता. शेवटी ठपक्यावर निभावलं. मात्र चौकशी चालू असताना त्याची बढतीची बैठक झाली आणि त्याचं नाव बंद पाकिटात गेलं, म्हणजे चौकशी संपेपर्यंत बढतीचा निर्णय अडकला. लोक शिक्षेला घाबरतात. मी म्हणतो, चौकशीच्या काळाला जास्त घाबरा.

आता तुमच्या घराकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. उमेदवार तुमच्याच घरात राहणार. त्यांनी दारावर स्वतःचं पोस्टर लावलं तर ते 'तुमच्या निवासावर' लागलं असं म्हणता येतं. घर दोघांचं आहे, तिचा हक्क आहे, असा युक्तिवाद मी चौकशीत करीन, आणि त्यात दमही आहे. पण माझा सल्ला असा की युक्तिवाद करायची वेळच येऊ देऊ नका. प्रचाराची खोली शेजारी, दिराच्या किंवा माहेरच्या घरी करा. पोस्टर, पत्रकं, झेंडे तिथेच ठेवा. कार्यकर्त्यांचा चहा तुमच्या ओसरीवर नको. तुमच्या गाडीतून उमेदवाराने फिरू नये. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून तुमची सही नको, अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलासमोर तुम्ही उभे नकोत, मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर तुम्ही नकोत. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकीत सरकारी नोकर कुणाचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला, तर तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 134अ खाली गुन्हाच आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे खात्याची कारवाई वेगळी आणि फौजदारी वेगळी.

घरात बसून बायकोला प्रतिज्ञापत्रातले रकाने समजावले, मुलांना सांभाळलं, स्वयंपाक केला, तर त्याला कुणी प्रचार म्हणणार नाही. तो संसार आहे.

आणखी एक गोष्ट करा, जी नियमात सक्तीची नाही पण मी प्रत्येकाला करायला लावतो. वहिनींचा अर्ज भरण्याआधी कार्यालयप्रमुखांना चार ओळींचं पत्र द्या: माझी पत्नी अमुक पंचायतीच्या अमुक वॉर्डातून निवडणूक लढवत आहे, मी वर्तणूक नियमांच्या नियम 5 चं पालन करीत आहे आणि त्या निवडणुकीशी संबंधित कुठलंही काम मला देऊ नये. आवक क्रमांक घालून पोच घ्या. निवडणूक कामाचा आदेश आलाच तर उमेदवाराशी नातं असल्याचं लगेच लेखी कळवा. उद्या तक्रार आली तर हा कागद तुमचा हेतू सांगतो, आणि चौकशी अधिकाऱ्यालाही तो बाजूला सारता येत नाही.

काही जणांना उलट भीती असते, की कुटुंबातल्या माणसाला राजकारणापासून रोखणं आपलं कर्तव्य आहे. तसं नाही. दुसऱ्या पोटनियमात कुटुंबीयांना परावृत्त करायचं आणि जमलं नाही तर सरकारला कळवायचं जे बंधन आहे, ते कायद्याने स्थापन झालेलं सरकार उलथवण्याकडे झुकणाऱ्या चळवळींपुरतं आहे. पंचायत लढवणं त्यात बसत नाही. तुमची नोकरी हे वहिनींच्या उमेदवारीच्या आड येणारं कारण होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. राखीव वॉर्डातून चांगल्या, शिकलेल्या बायका पुढे येतात आणि नवऱ्याच्या नोकरीच्या भीतीने माघार घेतात, हे मी पाहिलं आहे.

पण त्या निवडून आल्यावर पंचायतीच्या खुर्चीमागे तुम्ही उभे राहू लागलात, सचिवाला सूचना देऊ लागलात, दाखल्यासाठी लोक तुमच्या कार्यालयात तुम्हाला भेटायला येऊ लागले, तर तो सरकारी नोकराला न शोभणाऱ्या वर्तनाचा विषय होतो, आणि तेव्हा मी फारसा वाचवू शकणार नाही.

कोपरा बैठकीचं आता. 1949 साली केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या सूचना अजून आधार म्हणून दाखवल्या जातात. त्यांचा गाभा असा: सभा खरोखर सार्वजनिक असली पाहिजे, निवडक लोकांची नाही, ती मनाई आदेश मोडून भरलेली नसावी, आणि कर्मचाऱ्याने तिथे बोलायचं नाही, आयोजनात पुढे व्हायचं नाही. या सगळ्या अटी पाळूनही एकाच पक्षाच्या सभांना वारंवार गेलात तर तुम्ही त्या पक्षाचे समजले जाल, असा इशाराही आहे. जानेवारी 2020 मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने सभेला हजर राहणं आणि सभेत भाग घेणं यात फरक आहे असं म्हणत एका कर्मचारी महिलेवरची कारवाई रद्द केली. निकाल चांगला आहे, चौकशीत मी तो दाखवतो. पण मैदानावरच्या जाहीर सभेत मागे उभं राहणं वेगळं आणि वाड्यावरच्या कुणाच्या तरी अंगणात वीस खुर्च्यांच्या कोपरा बैठकीत बसणं वेगळं. कोपरा बैठक बोलावलेल्या माणसांची असते. तिथे तुमचा चेहरा हाच प्रचार असतो, म्हणूनच तर बोलावतात.

गोव्यात हे जास्त बोचतं, कारण इथे मतं मोजकी. 2022 च्या विधानसभेला 40 मतदारसंघांत मिळून सुमारे साडेअकरा लाख मतदार होते. त्यात सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी लागला, प्रियोळचा 213 मतांनी. पंचायतीच्या वॉर्डात तर काही शे मतं. वीज खात्याचा लाइनमन, तलाठी, आरोग्य केंद्रातली परिचारिका यांना प्रत्येक घर ओळखतं, आणि त्या घराला यांच्याकडून काहीतरी हवं असतं. असा माणूस उमेदवारासोबत नुसता चालला तरी घरातल्यांना वाटतं, याला मत दिलं नाही तर आपलं मीटरचं काम अडेल. नियम या भीतीसाठी आहे. आपल्या मतांवर बंधन घालण्यासाठी तो केलाय असं समजणारे कर्मचारी मला भेटतात, तेव्हा मी त्यांना लाइन बंद पडलेल्या घरातल्या म्हातारीच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला सांगतो.

आणि हाच नियम तुम्हालाही वाचवतो. "मला नाही म्हणता आलं नाही," असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. नाही म्हणायला तुम्हाला स्वतःची हिंमत लागत नाही, सरकारने ती लिहून दिली आहे. पुढच्या वेळी साधं सांगा: "भाई, नियम पाचचा मेमो येईल, माझी नोकरी जाईल, माफ करा." कार्यकर्त्याला नोकरीचं कळतं. हे वाक्य सगळ्या पक्षांच्या माणसांना सारखंच सांगा, म्हणजे कुणाच्या मनात अढी राहत नाही.

पण याच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती आपण कर्मचाऱ्यांनीच सोडवायची आहे. बदली हवी, मुलाला नोकरी हवी, की आपण आमदाराच्या दारात जातो. वर्तणूक नियमांतला नियम 20 सांगतो की सेवेच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय किंवा बाहेरचं वजन आणायचं नाही. आमदाराच्या शिफारसपत्रासह बदलीचा अर्ज म्हणजे या नियमाचा लेखी भंग, आणि त्याची प्रत आपणच फायलीला लावतो. एकदा उपकार घेतला की कोपरा बैठकीचं आमंत्रण नाकारता येत नाही. बदली हवी तर योग्य मार्गाने अर्ज करा, कारण लिहा, पुरावे जोडा. उशीर लागेल. पण निवडणुकीत कुणी हिशेब मागायला येणार नाही.

व्हॉट्सअॅपबद्दल वेगळं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण आता निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. स्टेटसला उमेदवाराचा फोटो, डीपीभोवती पक्षाची चौकट, वाड्याच्या ग्रुपवर "यंदा बदल हवा" असं फॉरवर्ड: स्क्रीनशॉटवर तुमचा नंबर असतो, मग नाकारता येत नाही. 1964 च्या नियमात मोबाईल नाही हे खरं, पण प्रचार कागदावर केला काय आणि पडद्यावर केला काय, तो प्रचारच. प्रचाराच्या ग्रुपमध्ये कुणी परस्पर घातलं असेल तर बाहेर पडा आणि बाहेर पडल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मतदान झाल्यावर शाईचं बोट दाखवा, अभिमानाने दाखवा, मतदान हा तुमचा हक्क आहे. मत कुणाला दिलं किंवा देणार याची खूण मात्र कुठेच नको. नियमात हेही स्पष्ट लिहिलं आहे.

म्हादई नदीच्या पाण्यासारख्या प्रश्नावरच्या सभा, मराठी राजभाषेची मागणी, यांचं काय, असं मला आपल्या लोकांकडून नेहमी विचारलं जातं. साहित्य संस्थेच्या कार्यक्रमात जा, कविता वाचा, वर्तमानपत्रात वाङ्मयीन लेख लिहा, त्याला परवानगी लागत नाही. सरकारच्या चालू धोरणावर टीका करणारा लेख लिहिलात तर नियम 9 लागतो. आंदोलन राजकीय आहे की नाही, असा वाद झाला तर निर्णय सरकारचा अंतिम, असं नियम 5 चा तिसरा पोटनियम म्हणतो. व्यासपीठावर पक्षांचे नेते बसलेले दिसले की तुम्ही तिथून निघा, इतकं साधं माप मी लोकांना देतो.

देवस्थानाचं थोडक्यात. महाजन, म्हणजे देवस्थानाचा वंशपरंपरागत सभासद, असणं जन्माने येतं, त्यात काही अडचण नाही. पण निवडणूक लढवून समितीचं पद घ्यायचं असेल, किंवा दुसऱ्या कुणासाठी तिथे प्रचार करायचा असेल, तर नियम 15 खाली आधी परवानगी घ्या. भजनी मंडळ, नाट्यमंडळाच्या व्यवस्थापनात निवडणुकीच्या पदाशिवाय काम करत असाल तर महिन्याच्या आत कळवलं की पुरतं. महामंडळाचे किंवा अनुदानित शाळेतले कर्मचारी असतील त्यांनी आपापले सेवानियम पाहावेत.

उद्या तुम्हालाच उभं राहावंसं वाटलं तर राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत गल्लत करू नका. जुन्या पेन्शनमध्ये असाल तर राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते, पेन्शन हातची जाते. वीस वर्षं सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, त्यात पेन्शन राहते. म्हणजे आचारसंहिता लागल्यावर धावपळ करून चालत नाही. आणि अर्ज दिला म्हणजे सुटलो असंही नाही, तो मंजूर व्हावा लागतो. मंजुरीआधी प्रचाराला लागणं किती महाग पडतं, हे देशाने पाहिलं आहे. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली, त्याचं एक कारण हेच होतं: यशपाल कपूर यांनी सरकारी नोकरीतून पूर्ण मोकळे होण्याआधी त्यांच्या निवडणुकीचं काम केलं, असं न्यायालयाने मानलं. दुसरं कारण उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांकरवी सभेचं व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकाची वीज घेणं हे होतं. पुढे कायदा बदलला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पण राजपत्रित अधिकारी, पोलीस अशा ठरावीक वर्गांतल्या सरकारी नोकराची मदत घेणं हा उमेदवाराचा भ्रष्ट आचार, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(7) आजही आहे. म्हणजे असा नोकर विधानसभेला कुणासाठी राबला तर नोकरी त्याची जाऊ शकते आणि जिंकलेली जागा उमेदवाराची. कार्यकर्त्याला हेही सांगून पाहा.

आता मंत्री, सरपंच. ते निवडून आलेले असतात, नेमलेले कर्मचारी नसतात, म्हणून त्यांना वर्तणूक नियम लागू नाहीत आणि प्रचाराची मोकळीक आहे. बंधन आहे ते पदाच्या वापरावर. आदर्श आचारसंहितेचा सातवा भाग सत्तेतल्या पक्षासाठीच आहे: सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करायचा नाही, सरकारी गाडी प्रचाराला वापरायची नाही, विश्रामगृह एकट्याने अडवायचं नाही, आचारसंहिता लागल्यावर अनुदानांची घोषणा नाही, पायाभरणी नाही, मतदार, उमेदवार किंवा अधिकृत प्रतिनिधी असल्याशिवाय मंत्र्याने मतदान केंद्रात जायचं नाही. सरपंचाने घरोघर जाऊन मतं मागावीत, पण पंचायतीचं लेटरहेड, पंचायत सभागृह, ग्रामसभेचा मंच त्यासाठी वापरू नये.

आचारसंहिता हा कायदा नाही, म्हणून ती दुबळी वाटते. मला इथे आपल्याच गोव्याचं उदाहरण आठवतं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा जनमत कौल 16 जानेवारी 1967 ला झाला. त्याआधी, विलीनीकरणाच्या विरोधकांचं म्हणणं होतं की सरकार सत्तेवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही, आणि 3 डिसेंबर 1966 ला विलीनीकरणाच्या बाजूचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कौल त्यांच्या बाजूच्या विरुद्ध गेला. त्या कौलाबद्दल मराठी घरांत आजही दोन मतं आहेत, पण सरकारी यंत्रणा हातात असताना ती सोडून लोकांसमोर जाणं, याचा मला गोंयकार म्हणून अभिमान आहे.

शेवटी, सगळं पाळूनही कुणी तक्रार केलीच तर. मेमो आला की त्याच दिवशी रागाने उत्तर लिहू नका. आधी तक्रारीची प्रत आणि जोडलेले फोटो लेखी मागा. उत्तराला दिलेली मुदत कमी वाटली तर मुदतवाढही लेखीच मागा, मुदत संपायच्या आधी. उत्तरात फक्त विचारलेल्या आरोपाबद्दल लिहा, तक्रारदाराच्या राजकारणाबद्दल एक ओळही नको. कार्यालयप्रमुखांना दिलेल्या त्या चार ओळींच्या पत्राची प्रत जोडा. नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, 1965 मधल्या नियम 14 खाली रीतसर चौकशी लागली तर बचाव सहायक घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तो सेवेतला किंवा निवृत्त कर्मचारी असू शकतो, आणि त्याचं नाव पहिल्याच सुनावणीला द्या.